जेवली का, असं न विचारणारे काकाजी

आर्णीत माणूस माणसाला भेटला की आधी जेवणाचं विचारतो. बाकीची चौकशी मागाहून. ऐन दुपार टळल्यावरही विचारतील, "जेवले का?" तुम्ही हो म्हटलंत तर म्हणतील, "मंग थोडंसं घ्या." अशा या गावात एक माणूस असा होता, जो हे कधीच कोणाला विचारायचा नाही. आणि ज्या दिवशी विचारायचा, त्या दिवशी ऐकणारा आधी बसायला जागा शोधायचा.

ते आमचे बूथवाले काकाजी. बसस्टँडच्या रस्त्याला त्यांचा फोनचा बूथ होता. काचेची एक केबिन, बाहेर लाकडी बाक, कोपऱ्यात माठ आणि माठाशेजारी बिस्किटांचा डबा. भिंतीवर कुठल्याशा शाळेनं टाकून दिलेला आशियाचा नकाशा. केबिनचं दार उघडलं की नकाशाची उजवी कड झाकली जायची, म्हणजे दार लावल्याशिवाय जपान दिसत नसे. याचा मला पुढे फार राग यायचा. मी जिथे राहायला गेले तो देश आर्णीच्या एका बिजागरीमागे अडकलेला होता.

फोन वाजला की काकाजी लगेच उचलत नसत. "पह्यल्याच घंटीत उचलला त समोरच्याले वाटते, हा वाटच पाहून राह्यला." मग उपरण्यानं रिसीव्हर पुसायचे आणि म्हणायचे, "बोला, आर्णी." हॅलो नाही, स्वतःचं नाव नाही. जणू सगळं गाव त्यांच्या तोंडून बोलतं आहे. आणि खरंच, त्या वर्षांत गावाला जे काही कळायचं ते त्यांच्याच तोंडून कळायचं.

बूथ टाकण्याआधी ते तारा वाटायचे. तेव्हाची एक हकिकत ते क्वचित सांगत, तीही कोणी खोदून विचारलं तर. एक बाई कापूस वेचून नुकती घरी आली होती. कापसासाठी कमरेला बांधलेला ओटाही सोडलेला नव्हता. यांनी दारातच तार वाचून दाखवली. तिचा भाऊ गेला होता. मग त्या घरात चूल पेटली नाही. सकाळपासून उपाशी असलेली ती बाई तशीच माहेरच्या गाडीत बसली आणि वाटेत चक्कर येऊन अशी पडली की डोक्याला टाके पडले. तेव्हापासून काकाजींनी नियमच केला. बातमी आणायची, पण आधी ज्याला सांगायची त्याला जेवू घालायचं. न जेवता आलेला असेल तर घरी पाठवायचं, घर दूर असेल तर माठातलं पाणी आणि डब्यातली बिस्किटं द्यायची, आणि मग सांगायचं. "बातमी शिळी होत नाही," ते म्हणायचे, "भाकर शिळी होते."

आता यात वाईट काय आहे? काहीच नाही. पण गाव म्हणजे गाव. काकाजी "जेवला का" विचारतात आणि मग रडण्याचा आवाज येतो, हे लोकांच्या ध्यानात यायला कितीसा वेळ लागणार? मग त्यांनी नुसतं विचारलं तरी माणूस बाकावर बसून घ्यायचा. जेवणं दूरच राहिलं. काकाजींनी प्रश्न बदलून पाहिला. "चाय झाली का?" म्हणू लागले. पंधरवड्यात चहाही नासला. बिस्किटांच्या डब्याला तर कोणी हात लावेना. एकदा बाहेरगावचा एक बियाण्यांचा विक्रेता बूथवर आला, भूक लागली म्हणून त्यानं आपल्या हातानं डबा उघडला आणि दोन बिस्किटं खाल्ली. बाकावरच्या सगळ्या बायका त्याच्याकडे इतक्या कळवळून बघायला लागल्या की तो बिचारा घाबरून फोन न करताच निघून गेला.

शेवटी काकाजी जुन्याच प्रश्नाकडे वळले, आणि एरवी तो उच्चारायचाच नाही असं ठरवून टाकलं. लग्नाच्या पंगतीत त्यांना आग्रहाला ठेवत नसत. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात, वधूपिता म्हणून, मांडवाच्या तोंडाशी उभं राहून पाहुण्यांना विचारणं भाग होतं. ते हात जोडायचे आणि म्हणायचे, "तिकडे पाहून घेतलं ना?" तिकडे म्हणजे कुठे, हे पाहुण्यांनी समजून घ्यायचं. नवऱ्याकडची मंडळी मुकुटबनकडची. त्यांना वाटलं, व्याही जरा तिरसट दिसतो.

मी नागपूरला शिकायला होते, तिथे संध्याकाळी जपानी भाषेचे वर्ग चालत. आधी गंमत म्हणून बसले, मग त्या अक्षरांचं वेडच लागलं, आणि एक दिवस तिकडे जाऊन शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. आमच्या घरात आनंद झाला तो निराळ्याच कारणानं. आईला वाटलं, पोरगी बुद्धाच्या देशात चालली. मी सांगून पाहिलं की बुद्ध तिथे जन्मला नव्हता. आई म्हणाली, "असू दे. मूर्त्या त हायत ना तिथं?"  बाबा सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगमध्ये, फिटर होते. रुईच्या धुळीत जन्म गेला, छाती भरून आलेली, दोन वाक्यं बोलले की तिसऱ्याला खोकला. निघताना एवढंच म्हणाले, "तिथं उघड्यावर बसलेली एक लय मोठी मूर्ती हाय म्हंते. पाहून येजो. मले सांगजो, केवढी हाय ते."

त्या वर्षी कापसाचं सगळंच बिनसलं होतं. जिनिंग अर्धा हंगाम बंद होतं. बाबा घरी बसून होते आणि घरी बसल्यावर त्यांचा खोकला वाढला होता. आमच्या जिल्ह्याचं नाव बाहेरच्या पेपरांत यायचं ते एकाच कारणानं, कोणा शेतकऱ्यानं विष घेतलं की. मी तिकडच्या वाचनालयात इंग्रजी पेपर उघडायची आणि कुठे 'यवतमाळ' दिसलं की डोळे मिटून घ्यायची. ज्याची बातमी असे ते गाव आमचं नसे. पण काकाजींच्या बूथवर तेव्हा कोणाकोणाला बसवून पाणी दिलं जात असेल, ते मला दिसायचं.

ठरलं होतं असं की दर रविवारी मी फोन करायचा. माझी दुपार, आर्णीची सकाळ. आई आधीच बाकावर येऊन बसलेली असायची. पण तिच्या हातात रिसीव्हर जाण्याआधी काकाजी बोलायचे. तो त्यांचा हक्कच होता, आणि फोनचं कार्ड माझं संपत असे. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, "काल सुट्टी होती ना? कुठं गेलती?"

"कुठं नाही, काकाजी. खोलीवरच होती. कपडे धुतले, अक्षरं गिरवली."

"खोलीवरच राहाचं होतं त इतक्या दूर कायले गेली? इथं का खोल्या नाहीत?" आणि रिसीव्हर आईकडे गेला.

मला रागही आला आणि खरं सांगायचं तर पटलंही. मी घाबरट होते. वर्गात बाईंनी काही विचारलं की मान खाली घालून मनात तीनदा वाक्य जुळवायचं आणि तोवर प्रश्न पुढच्या मुलीकडे गेलेला असायचा. त्या भाषेत मोठ्यांशी बोलायचं एक, बरोबरीच्यांशी बोलायचं दुसरं, आणि दुकानदार आपल्याशी बोलतो ते तिसरंच. चुकलं तर कोणी हसत नाही, नुसतं फार सौजन्यानं पाहतात. त्यापेक्षा आर्णीत चारचौघांत हसलेलं परवडलं. खोलीतली माझी सोबतीण व्हिएतनामची. तिच्याकडे सकाळी भेटल्यावर जेवणाचंच विचारतात, आपल्यासारखं. ती रोज उठल्या उठल्या मोडक्या जपानीत मला विचारायची, "जेवलीस का?" आणि रोज सकाळी मी आधी खाली बसून घ्यायची. तिला मी काकाजींची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. तिला वाटलं, आर्णीत जेवण वाईट असतं.

पुढच्या शनिवारी मी निघाले. सगळ्या ठेशनांवर थांबणारी गाडी घेतली, कारण ती स्वस्त होती आणि चुकले तर लवकर उतरता येईल असं वाटलं. समुद्राकाठच्या एका गावात दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे मासे वाळत घातले होते, ते पाहून आले. काकाजींनी ते सगळं ऐकलं. "वास?" म्हणाले. मी सांगितलं, वास फार. त्यांना बरं वाटलं.

असं होता होता तो माझा नेमच झाला, आणि त्याचं कारण प्रवासाची आवड हे नव्हतं. "काल कुठं गेलती?" हा प्रश्न आला की घरी सगळं ठीक आहे, असा अर्थ मी मनात लावून घेतला होता. ते "जेवली का" म्हणाले नाहीत, म्हणजे बाबा आहेत. मग मनाचा पुढचा खेळ असा की मी शनिवारी कुठे गेलेच नाही, तर काकाजी काय विचारतील? हसायचं तर हसा. तापात, पावसात, परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा मी निघायची. गाडीत अक्षरांच्या चिठ्ठ्या पाठ करायची आणि खिडकीबाहेर पाहायला विसरायची. मग रविवारी काय सांगू म्हणून उतरल्यावर एकेक गोष्ट मुद्दाम पाहून ठेवायची.

एकदा चुकीच्या ठेशनावर उतरले. तिथे माणूसच नव्हता. ना मास्तर, ना हमाल. एक पेटी होती, तिच्यात लोक आपलं तिकीट टाकून निघून जात होते. पुढची गाडी यायला फार वेळ होता आणि मी तिथल्या बाकावर बसून रडकुंडीला आले होते. काकाजींना मात्र ठेशनच तेवढं आवडलं.

"तिकीट कोन पाह्यते मंग?"

"कोनीच नाही."

"मंग लोक टाकते काहून?"

 आई सांगायची, काकाजी ही गोष्ट बूथवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात आणि शेवटी विचारतात, "सांगा, काहून टाकत असन?" आर्णीच्या बसस्टँडवर त्यावर बरेच दिवस चर्चा चालली होती. कंडक्टर मंडळींचा विश्वास बसला नाही.

एकदा कापड विणणाऱ्या एका गावी गेले. जुने माग अजून चालू होते. एका म्हाताऱ्या बाईनं मला आत नेऊन सूत हातात दिलं. मी आर्णीची पोरगी, कापूस मला कोणी दाखवायला नको. तरी ते सूत माझ्या हातून सुटेना. रविवारी काकाजींनी विचारलं, "कापूस कुठचा होता?" मी विचारून ठेवलं होतं. म्हटलं, "अमेरिकेतला म्हणाली."  मग ते म्हणाले, "इथं कापसाच्या गाड्या चार दिवसांपासून रस्त्यावर उभ्या हायत, खरेदी केंद्र उघडते का म्हणून." आणि लगेच, आपण नको ते बोललो असं वाटून, "बरं, मासे नव्हते का तिथं?"

त्यांना स्वतःला भीती नव्हती असं मुळीच नाही. त्यांचा मुलगा वणीला कोळशाचा ट्रक चालवायचा. चंद्रपूरच्या रस्त्यावर सारखे ट्रक. मुलगा पोचल्यावर कधी फोन करी, कधी विसरे. विसरला की काकाजी दिवसभर फोनकडे पाठ करून बसत. घंटी वाजली की उपरण्यानं रिसीव्हर पुसायला त्यांना जास्त वेळ लागे. आई एकदा म्हणाली, "सगळ्या गावाचं वाईट त्याच्या कानातून जाते. त्याचं वाईट त्याच्या कानात कोन सांगन, याचं त्याले भेव हाय."

त्या थंडीत मी शेवटी बाबांनी सांगितलेली मूर्ती पाहायला गेले. फार लांब होती म्हणून आजवर ठेवून दिली होती, आणि आईच्या बोलण्यात "बरे हायत" हे अलीकडे जरा घाईनं यायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर एका ठेशनाबाहेरच्या फोनवरून आर्णी लावली.

"बोला, आर्णी."

मी नाव सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली.

"काल कुठं गेलती, पोरी?"

माझा जीव भांड्यात पडला. मग मी सुटलेच. मूर्ती केवढी, तर आपल्या जिनिंगच्या धुराड्यापेक्षा थोडी कमी, पण बसलेली. उभी राहिली तर केवढी होईल बघा. वर छप्पर नाही. डोक्यावर बर्फ पडलेलं आणि चेहरा तसाच. मांडीवर कबुतर बसलेलं. लहान मुलं तिच्या पायाशी डबे उघडून खात होती आणि कोणी हटकत नव्हतं. एरवी काकाजी दर वाक्याला मध्ये बोलायचे. त्या दिवशी ऐकत राहिले. मला वाटलं, आवडलं त्यांना.

"आन् मांडी कशी हाय?" त्यांनी विचारलं. "नीट सांग."

मी नीट सांगितली.

"आज सकाळपासून काही खाल्लं का गाडीत?" अगदी सहज, मुलं डबे खात होती त्याच ओघात.

"नाही, आता खाईन. आईले द्या ना."

"माय यायची हाय अजून. उशीर हाय तिले. तवरिक कार्ड कायले जाळतं? खाऊन घे कुठं तरी, मंग लाव."

मी समोरच्या लहानशा दुकानात शिरले आणि गरम शेवयांचं मोठं वाडगं घेतलं. भूक सणकून लागली होती. बाबांना मूर्ती कशी सांगायची, आईला मध्ये न घालता त्यांनाच एकदा बूथवर बोलवायचं, असं मनात जुळवत मी सगळं वाडगं संपवलं. रस्सासुद्धा प्यायले. दुकानदारीण बाईंशी पहिल्यांदाच न अडखळता चार वाक्यं बोलले. मग पुन्हा फोन लावला.

"खाल्लं पोटभर?"

"हो."

"बसाले जागा हाय का तिथं?"

तेव्हा मला कळलं.

बाबा त्या दिवशी पहाटे गेले होते.

फोनवर मी काय बोलले, आठवत नाही. आठवतो तो राग. बाबा घरात तसे निजलेले आणि मी इकडे रस्सा पीत होते, हसत होते, आणि या माणसानं मला ते करू दिलं. पहिल्या शब्दापासून त्याला माहीत होतं. परतीची तिकिटं, विमानतळावरचं ताटकळणं, नागपूरहून घरापर्यंतची वाट, या सगळ्यात माझ्या घशाखाली पाण्याशिवाय काही उतरलं नाही. तरी मी उभी राहिले. कशाच्या जोरावर, ते मला बऱ्याच नंतर उमजलं.

घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईनं मला जवळ घेतलं आणि पहिल्यांदा सांगितलं ते हे, की काकाजी फोन ठेवून धावतच घरी आले होते. बाबांना उचलायची तयारी चालली होती. त्यांनी सगळ्यांना थांबवलं, बाबांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "पोरगी पाहून आली, भाऊ. धुराड्याएवढी हाय. वरतं छप्पर नाही." मांडी कशी आहे तेही सांगितलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

बाबांच्या दिवसांचा, पुण्यानुमोदनाचा, कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि आईनं आपल्या हातानं पुन्हा चूल पेटवली त्या सकाळी मी बूथवर गेले. काकाजी एकटेच होते, फोनकडे पाठ करून. मला पाहून उभे राहिले.  त्यांच्याजवळ या वेळेला विचारायचा प्रश्नच नव्हता. काल मी कुठेच गेले नव्हते. त्यांचे गाल आत गेले होते. माझ्या मनात आलं, दुसऱ्याला जेवू घालून बातमी सांगणाऱ्या या माणसाला, ती सांगून झाल्यावर कोणी ताटावर बसवत असेल का? आणि तोंडून आपोआप निघून गेलं.

"काकाजी, जेवले का?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. हात मागे जाऊन बाक चाचपडायला लागला.

"काहून?" म्हणाले. "वनीहून काही निरोप आला का? तुया घरी आला का? सांग."

"नाही, काकाजी."

"मंग कायले इचारून राह्यली?"

"मायनं भाकरी टाकल्या. वांग्याची भाजी केली. तुमाले बलावलं." मी त्यांचा हात धरला.  "कोनाले काही झालं नाही. नुसतं जेवाले चला."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ज्या घरात बातमी सांगितली तिथलं माणूस त्यांच्या तोंडाकडे असंच बघत असणार.

"नुसतं जेवाले?"

"नुसतं जेवाले."

"पाह्य बरं, पोरी, फसवू नको," म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसून बूथचं शटर खाली ओढलं.